दुधी सोडायचा राहिला

काशीत माणसाने आपली आवडती वस्तू सोडावी, असा रिवाज आहे. लोक सहसा कारलं सोडतात. उल्हासरावांना दुधी जन्मात आवडला नव्हता, म्हणून त्यांनी दुधी ठरवला होता. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर ते इथेच राहिले. आज पंचाहत्तरीची पूजा रामघाटावर होती. दुधी सोडायचा आणि लगेच, सगळ्या नातेवाइकांदेखत, 'आम्ही लग्न करतोय' म्हणून सांगून टाकायचं, असं त्यांचं आणि दुर्गाघाटच्या आनंदीबाईंचं ठरलं होतं. बाई नवी साडी नेसून खालच्या पायरीवर बसल्या होत्या.

सून मैत्रेयी कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची. चार माणसं मिळून पाचव्याला कशी वाकवतात, हा तिचा आवडता धडा. सासऱ्यांचा बेत तिच्या कानावर आला होता, पण ती चकार शब्द बोलली नव्हती. फक्त कोणाच्या मागून कोणी बोलायचं, तेवढं तिने गुरुजींना सांगून ठेवलं.

मुलगा कुणाल म्हणाला, "सिगरेट सोडली." बायका गहिवरल्या. नात अवनीने मोबाइल सोडला. मैत्रेयीने राग सोडला. तिचा आवाज थोडा कापला, तोही वेळेवर.

आता सगळे उल्हासरावांकडे बघू लागले. इतक्या थोर त्यागांनंतर दुधी तोंडातून निघेना.

"बाबांना कशाला आग्रह," मैत्रेयी मायेने म्हणाली. "त्यांना या वयात कसला मोह?"

"मोह? वा," म्हणत बिंदुमाधव गुरुजींनी त्यांच्या ओंजळीत पाणी घातलं.

"मोह सोडला," उल्हासराव सुटल्यासारखे म्हणाले.

"मोघम नाही चालत, उल्हासराव. कसला मोह?"

आनंदीबाईंकडे कोणीच पाहत नव्हतं. इतकी माणसं इतक्या नेटाने एकाच दिशेला न पाहताना उल्हासराव प्रथमच बघत होते. ओंजळ गळू लागली.

"लग्नाचा," ते म्हणाले.

टाळ्या पडल्या. गुरुजी आनंदीबाईंकडे वळले. बाईंनी पाणी घेतलं, हात न हलवता सोडलं.

"दुधी."

आणि पदर सावरून पायऱ्या चढून गेल्या. उल्हासराव उठू लागले, तर मैत्रेयीने खांद्यावर हात ठेवला. "बसा बाबा, आरती व्हायचीय." ते बसले.

आरतीनंतर नावेपाशी कुणाल सिगरेट ओढत होता.

"अरे, आत्ताच तर सोडलीस."

"पापा, वो तो बस रस्म है. सगळ्यांना माहीत असतं."

दुपारी पानात दुधीची भाजी होती. बाबांनी दुधी काही सोडला नव्हता, म्हणून मैत्रेयीने ती दोनदा वाढली.