लाल अक्षरांचा कौल

रविवारी सकाळी गडमुडशिंगीत यंत्रनाथ महाराजांच्या पत्र्याच्या शेडबाहेर चपलांचा जो खच पडायचा, तो बघून माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला सांगू? राजारामपुरीत माझा कॉम्प्युटर क्लास होता. कितीतरी वर्षं मी लोकांना माऊस कसा धरायचा ते शिकवत होतो, पण माझ्या दारात एवढ्या चपला कधी पडल्या नाहीत. इथं मात्र कळंब्यापासून चंदगडपर्यंतची माणसं एसटीनं, टेम्पोनं येत होती आणि कॉम्प्युटरपुढं नारळ ठेवत होती.

आपल्याकडं देवाला कौल लावायची जुनी रीत आहे. मूर्तीला कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. महाराजांनी कळ्या काढल्या आणि कॉम्प्युटर बसवला. शेंदूर फासलेल्या दगडाच्या डोक्यावर लाल अक्षरं पळणारा बोर्ड होता, साडीच्या दुकानावर असतो तसला. खाली हळदीकुंकू लावलेला मॉनिटर आणि कॉम्प्युटरच्या डब्यावर जास्वंदीचं फूल. भक्तानं प्रश्न मनात धरायचा, महाराजांच्या सेवेकऱ्यानं, आकारामनं, त्याचं नाव टाईप करायचं. बोर्डावर नाव पळालं तर देवाचा होकार. नकार असेल तर बोर्ड काळा पडायचा, मॉनिटरवर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांच्या ओळी उमटायच्या आणि कॉम्प्युटर मढ्यासारखा थंड व्हायचा. त्या अक्षरांना महाराज 'शापवाणी' म्हणत. ती दिसली की बायका डोळे मिटून घेत.

"यंत्रात मंत्र हाय, मंत्रात तंत्र हाय," महाराज गर्जायचे, "आनि तंत्राच्या पोटात बसलाय त्यो! त्येला पासवर्ड लागत न्हाई, भक्ती लागती!"

हा महाराज म्हणजे पूर्वाश्रमीचा ज्ञानू. माझ्याच क्लासात तो तीन आठवडे बसला होता आणि फी बुडवून गेला होता. पुढं त्यानं दुकानांना हे पळते बोर्ड विकायचा धंदा केला, तोही बसला. आणि आता त्याच्या पायावर शहाणीसुरती माणसं डोकं ठेवत होती. माझी सख्खी बहीणसुद्धा! ती जळजळ मला झोपू देत नव्हती.

ताईची मुलगी ऋता. तिचं लग्न श्रेयसशी ठरलं होतं. पोरं एकमेकांना पसंत, घरं तोलामोलाची, हॉल ठरलेला. श्रेयसची आई बनाबाई गडमुडशिंगीची, महाराजांची भक्त. तिनं सहज म्हणून दोघांच्या नावानं कौल लावला, आणि कॉम्प्युटर मेला. देवाचा नकार. शांती म्हणून अकरा रविवार दक्षिणा घेऊन वारी करा, मग पुन्हा विचारू, असं महाराज म्हणाले. बनाबाईनं एवढा धसका घेतला की तिनं लग्नच मोडल्याचा निरोप धाडला. ऋता दोन दिवस ताटावर बसली नाही.

मी तरातरा शेडमध्ये गेलो. "हे हँग होणं आहे!" मी भर गर्दीत ओरडलो. "माझ्या क्लासात रोज होतं!"

ज्ञानू गोड हसला. "माधवराव, तुमचं यंत्र कुनाच्याबी नावाला बंद पडतंय. आमचं ठरावीक नावालाच पडतंय. का, सांगा की!"

मी नुसताच मॉनिटरकडं बोट दाखवत राहिलो. लोक फिदीफिदी हसले. घरी आल्यावर ताई म्हणाली, "माधव, तू कॉम्प्युटर शिकवतोस, तो कॉम्प्युटरात देव आणतो. तुझं आणि त्याचं जमणार कसं?" एवढं माझ्या वर्मी आजवर कोणी बोललं नव्हतं.

शेवटी नाक मुठीत धरून मी संघप्रियाकडं गेलो. नाक मुठीत अशासाठी की ती माझी विद्यार्थिनी. माझ्याकडं टायपिंग शिकली, पुढं इंजिनिअर झाली, आणि आता शिरोलीच्या एका कारखान्यात यंत्रांच्या पोटातले प्रोग्रॅम लिहीत होती. मी अजून माऊसच धरायला शिकवत होतो. तिच्या टेबलावरचे तीन कॉम्प्युटर मी दोनदा मोजले.

"आमच्या घरात कौलबिल नाही सर," ती म्हणाली. "आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच देव्हारा रिकामा झाला. पण मशीन बंद कसं पडतं ते बघायला मला आवडेल."

ज्ञानूची आणखी अब्रू काढावी म्हणून मी तिला सांगितलं, "भिकारडे बोर्ड विकायचा तो. मीही एक घेतला होता. चांगला चालला आणि एक दिवस मेला."

"कशावर?"

"कशावर म्हणजे?"

"काय टाईप केल्यावर मेला?"

मला आठवलं. 'माधव कॉम्प्युटर्स' झकास पळत होतं. एकदा हौसेनं पुढं 'शासनमान्य टायपिंग व संगणक प्रशिक्षण केंद्र' असं जोडलं, त्या दिवशी कॉम्प्युटरसकट बोर्ड बंद पडला. मी तो ज्ञानूला परत केला. महाद्वार रोडच्या दुकानदारांनीही केले होते. संघप्रिया नुसती "हं" म्हणाली. कशावर बंद पडला, हे मला कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं, आणि हिनं पहिल्या दमात विचारलं. राग आला मला तिचा.

पुढच्या रविवारी आम्ही सगळेच गेलो. मी, ताई, ऋता, संघप्रिया. बनाबाई आणि श्रेयस आधीच बसले होते. श्रेयस ऋताकडं बघत होता आणि ती जमिनीकडं.

"ओ पावणं, चपला भाईर काडा," दारातच आकाराम खेकसला. हा आकाराम लबाड नव्हता. गावातलाच भाबडा माणूस, महाराजांवर जीव टाकणारा. टायपिंग शिकला तेही सेवा म्हणून.

कौल सुरू झाले. एकानं पोराच्या नोकरीचं विचारलं. महाराजांनी डोळे मिटून दगडावर हात ठेवला आणि म्हणाले, "नुसतं नाव घाल." नाव पळालं. टाळ्या. मग एक बाई आली, अंगावर दागिने, बाहेर गाडी उभी. महाराजांनी एकदा बाहेरच्या गाडीकडं बघितलं. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "हिचं समदं घाल. बापाचं, दाल्ल्याचं, गावाचं, कुळाचं." आकारामनं भलीमोठी ओळ टाईप केली. बोर्ड काळा. शापवाणी. बाईनं पदर तोंडाला लावला.

आकारामनं उदबत्ती ओवाळून कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. संघप्रिया मात्र बोर्डाकडं बघतच नव्हती. ती मॉनिटरवरची शापवाणी वाचत होती, आणि वाचता वाचता गालात हसत होती. आणखी दोन कौल होईतो ती थांबली. मग उठून पुढं गेली.

"महाराज, एक विचारू? ज्याच्या तोंडून कौल येतो त्याचं नाव देवाला मान्य आहे का, ते कधी विचारलंय?"

शेडमध्ये कुजबुज झाली. कोणीतरी मागून म्हणालं, "व्हय की! बगू दे की!" महाराज चपापले, पण गडी हुशार. "विचार की पोरी, त्यात काय! आकाराम, नुसतं नाव घाल. 'ज्ञानू' घाल."

आकारामनं कानाला हात लावले. "ज्ञानू? नुसतं? म्या? जीभ झडंल माझी महाराज!"

"आरं मी सांगतोय की, घाल!"

"तुमी थोर हाय म्हून म्हंताय. माझ्या हातनं अरंतुरं हुयाचं न्हाई." आणि महाराज हात पुढं करून "आरं, आरं" म्हणेपर्यंत त्या भाबड्या भक्तानं एकेक बटण दाबत श्रद्धेनं टाईप केलं: परमपूज्य सद्गुरू यंत्रनाथ महाराज गडमुडशिंगीकर.

बोर्ड काळा पडला. शापवाणी उमटली.

एक पोरगं खुदकन हसलं. आकारामच्या हातातली उदबत्ती खाली पडली. "द्येवानं... म्हाराजांनाच न्हाई म्हटलं?" त्याचा आवाज रडवेला झाला होता.

"देवानं काही म्हटलं नाही काका," संघप्रिया त्याच्याशी फार मऊ बोलली. "ही शापवाणी नाही, मशीनचं गाऱ्हाणं आहे. वाचून दाखवते. 'या पत्त्यावर मला जाता येत नाही' असं लिहिलंय इथं. आणि पत्ता दिलाय शून्य. म्हणजे पत्ताच नाही."

"म्हंजी काय ग बाई?" बनाबाईनं विचारलं.

"मावशी, कॉम्प्युटरचा एक गाभा असतो, सगळं घर चालवणारा. नाव टाईप केलं की ते एका खोलीत ठेवलं जातं आणि गाभ्याला खोलीचा पत्ता दिला जातो. गाभ्यानं तिथून नाव उचलून बोर्डावर न्यायचं. नाव लांब असलं, एका ओळीत मावलं नाही, की उरलेल्या नावासाठी दुसरी खोली, दुसरा पत्ता. ज्यानं या बोर्डाचा प्रोग्रॅम बनवला त्यानं ती दुसरी खोली बांधलीच नाही. पत्त्याची जागा कोरी."

"मग कोऱ्या पत्त्यावर गाभा जातोय कशाला?" हा प्रश्न ऋताचा. दोन आठवड्यांत तिनं प्रथमच तोंड उघडलं होतं.

"तीच तर दुसरी चूक! पोस्टमन काय करतो? घर सापडलं नाही तर 'पत्ता अपुरा' असं लिहून पाकीट परत आणतो. त्यासाठी काय पोस्ट ऑफिसला कुलूप लागतं? गाभ्याकडंही असा एक जपून जाणारा पोस्टमन असतो. पाय कुठं घसरू शकतो आणि घसरला तर कुठून मागं फिरायचं, हे त्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं. तो परत येऊन म्हणतो, पत्ता चुकीचा आहे. मशीन चालू राहतं. या बोर्डवाल्यानं त्या पोस्टमनला न पाठवता गाभ्यालाच आंधळेपणानं पळवलं. गाभा विहिरीत पडला. घर चालवणाराच पडल्यावर घर बंद."

"लांब नाव, नकार. आखूड नाव, होकार," मी घाईनं ओरडलो. निदान शेवटचं वाक्य तरी माझं असावं!

महाराज उभे राहिले. "द्येवाची परीक्षा बगता? वाटुळं हुईल!"

"मग बघूच," म्हणत श्रेयस पुढं आला. त्यानं मशीन चालू केलं आणि स्वतः टाईप केलं: ऋता श्रेयस. लाल अक्षरं बोर्डावर पळाली. मग त्यानं त्याच दोघांची नावं बापासकट, गावासकट घातली. बोर्ड मेला. पुन्हा चालू करून आखूड घातली. बोर्ड जिवंत. तिसऱ्यांदा त्यानं 'टोमॅटो' घातलं. टोमॅटो दिमाखात पळाला, आणि शेडचे पत्रे हादरतील असं हसू फुटलं.

दुकानदारांनी परत केलेला माल ज्ञानूनं देव म्हणून मांडला होता. कोणाला लगेच होकार द्यायचा आणि कोणाला अकरा रविवार झुलवायचं, हे गाडी आणि दागिने बघून ठरत होतं. गर्दीची पांगापांग झाली तेव्हा ज्ञानू मागच्या दारानं गेला होता. आकाराम बराच वेळ पायरीवर बसून राहिला. शेवटी तो संघप्रियाला म्हणाला, "पोरी, ह्ये मशीन नीट हुतंय का?"

तिनं ते नीट केलं. दुसरी खोली बांधली आणि पोस्टमनही नेमला. मग मुद्दाम कोरा पत्ता देऊन बघितला. मशीननं 'पत्ता चुकीचा' एवढंच कळवलं आणि पुढच्या कामाला लागलं. आता तो बोर्ड ग्रामपंचायतीवर आहे, पाणी कधी सुटणार ते सांगतो आणि आकारामच तो चालवतो.

बनाबाईनं लग्न मोडल्याचा निरोप मागं घेतला आणि लग्न ठरल्या तारखेला झालं. हॉलच्या दारात तोच बोर्ड एका दिवसापुरता आणला होता. चि. आणि चि.सौ.कां. लावून, बापांची, गावांची, आजोळांची नावं घेत ती ओळ आगगाडीसारखी पळत होती. ताईनं मानाची साडी संघप्रियाला नेसवली आणि चारचौघांत म्हणाली, "आमच्या माधवच्या क्लासात होती हं, पण शिकली मात्र स्वतःच." मी हसलो. हसताना दात दुखले. हेवा असा एका दिवसात जात नाही. पण त्या पोरीचा हेवा करताना मला निदान तिच्यासारखा प्रश्न विचारावासा वाटतो. ज्ञानूचा हेवा करताना मला फक्त त्याच्या दारातल्या चपला हव्या होत्या.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि हॉलमधले सगळे दिवे गेले. पंखे थांबले. "आगं बया, अपशकुन!" बायकांत कोणीतरी म्हणालं. अंधारात एक एक हात जोडला जाऊ लागला.

तेवढ्यात बनाबाईचा खणखणीत आवाज आला. "हात काय जोडताय? कशावर बंद पडलं त्ये बगा की आदी!"

श्रेयसचा मामा धावला. स्वयंपाकघरात आचाऱ्यानं मिक्सर, पाण्याचा हीटर आणि आईस्क्रीमची पेटी एकाच स्विचबोर्डावर लावली होती. पेटीची पिन काढली, फ्यूज घातला, दिवे आले.

वाचकहो, तुमच्याही घरात कधीतरी अंधार होईल. माणूस आजारी पडेल, धंदा बसेल, ठरलेलं मोडेल. तेव्हा शाप सांगणारे खूप भेटतील. त्यांच्या पाया पडण्याआधी बनाबाईचा प्रश्न एकदा विचारा. तो विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही.