धुरातलं न दिसणारं

माणूस चंद्रावर उतरला त्या वर्षीच्या मे महिन्यात गिरधर गेला. भुसावळच्या रेल्वे इंजिनांच्या शेडमध्ये तो फायरमन होता. मालगाडीच्या इंजिनात फावड्यानं कोळसा टाकून टाकून त्याचे दंड लोखंडासारखे झाले होते. त्या दिवशी तो ड्यूटीवरून आला तोच तापानं फणफणलेला. त्याच्या बायकोनं, सुनंदाबाईंनी, ओली चादर लपेटली. बाहेर उन्हाळ्यातली कढत लू वाहत होती म्हणून दारं-खिडक्या लावून घेतल्या. डॉक्टर येईपर्यंत तो एकच बोलत राहिला, "कोंडतंय गं. उघड जरा." उन्हं कलायच्या आत सगळं संपलं.

घरात दोघीच उरल्या. सुनंदाबाई मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. सासूबाई, बेबाबाई, मूळच्या पारोळ्याकडच्या. इतकी वर्षं रेल्वेच्या क्वार्टरमध्ये काढली तरी बोली गावचीच राहिली. पोरगा गेल्यावर त्या रडल्या थोडं, आणि मग वेगळंच सुरू झालं. रोज संध्याकाळी अंगणातल्या फरशीवर तळवा टेकायच्या, फरशी गरम लागायची, की वर बघून म्हणायच्या, "तो आठेच शे. उन जास, पन ऊब नही जास. तो जाऊ देत नही."

"आत्या, इथं कोणी नाही. दिवसभर तापलेली फरशी आहे ती," सुनंदाबाई म्हणायच्या.

"इतला कोळसा जाळा त्यानी. तो धूर कोठे गया?"

"विरून गेला. वर काही नाही."

हे उत्तर सुनंदाबाईंनी अनेकदा दिलं, आणि दर वेळी ते स्वतःलाच दिल्यासारखं दिलं. शेडच्या शिट्ट्या ऐकल्या की सवयीनं त्या त्याचा डबा काढायला उठायच्या. वाऱ्यावर कोळशाचा वास आला की तो दारात उभा आहे असं वाटायचं, आणि वळून बघायचं धाडस व्हायचं नाही. तो गेल्यावर रेल्वेचं क्वार्टर सोडायचंच होतं. धुळ्याच्या एका शाळेत त्यांना जागा मिळत होती. गिरधरला भुसावळातच ठेवून निघून जावं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. सासूबाई मात्र हलायला तयार नव्हत्या. "माले कोठेच नही जानं. तो आठे शे," एवढं बोलून त्या फरशीवर बसून राहायच्या.

दिवाळीच्या सुट्टीत जळगावला विज्ञान शिक्षकांचं शिबिर भरलं. तिथं रतिलाल सर नावाचे कॉलेजातले प्राध्यापक शिकवायला होते. मऊ बोलायचे, फळ्यावर फार लिहायचे नाहीत.

"ऊन हवेतून खाली येतं, जमीन तापते," ते म्हणाले. "तापलेली जमीन ती उष्णता परत वर सोडते. ती डोळ्यांना दिसत नाही. हवेतला बहुतेक भाग तिला अडवत नाही. पण पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड, हे थोडेसेच असले तरी ती शोषून घेतात, आणि त्यातली बरीचशी पुन्हा खाली पाठवतात. हे नसतं तर पृथ्वी गोठून गेली असती. म्हणजे हे आपल्यावरचं पांघरूणच."

मग थोडं थांबून ते म्हणाले, "आता आपण कोळसा, तेल जाळतो आहोत. पांघरूण जाड होतंय. परदेशात एका डोंगरावर मोजणी चालू आहे. दर वर्षी हा वायू वाढलेलाच सापडतो."

सुनंदाबाईंनी विचारलं, "पण सर, धूर तर विरून जातो ना?"

"काजळी खाली बसते, बाई. वायू दिसत नाही म्हणून विरला असं वाटतं. काही झाडं घेतात, काही समुद्रात मुरतो. उरलेला कैक पिढ्या वर राहतो. आणि तो जिथला तिथंही थांबत नाही. इथला वायू साऱ्या जगावर पसरतो."

वर्गात कोणी तरी हसून म्हणालं, जळगावच्या उन्हाळ्यात आणखी पांघरूण कशाला. सगळे हसले. सुनंदाबाईंच्या कानात मात्र एकच आवाज घुमत होता, "कोंडतंय गं." त्या उठून बाहेर आल्या. स्वच्छ निळं आभाळ होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्या आभाळाखाली उभं राहायची भीती वाटली.

घरी आल्यावर चार दिवस त्या संध्याकाळी अंगणात आल्याच नाहीत. पाचव्या दिवशी सासूबाईंनी फरशीवर हात ठेवून पुन्हा तेच विचारलं, "तो धूर कोठे गया?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण शाळेत खरं शिकवून घरी खोटं कसं बोलायचं? त्यांनी सगळं सांगितलं. पांघरुणाचं, न दिसणाऱ्या वायूचं, तो उतरत नाही त्याचं. वर हेही सांगितलं, "आत्या, साऱ्या जगाच्या धुरात त्यांचा धूर कणभरसुद्धा नाही. ही फरशी तापते ती त्यांच्यामुळं नाही."

बेबाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "कनभर तर कनभर," त्या म्हणाल्या. "धुयाले बी व्हई ना तो?"

सुनंदाबाईंना हो म्हणावं लागलं. "धुळ्यालाही आहे. सगळीकडे आहे."

"मंग चाल. मी येस."

त्याच रात्री नीट जेवून त्या झोपल्या, कित्येक महिन्यांनी. जागी राहिली ती सून.

धुळ्यात दोन खोल्या मिळाल्या. रेल्वेच्या शिट्ट्या ऐकू येत नव्हत्या. बेबाबाई गच्चीवर पापड वाळत घालताना वर बघून पोराशी बोलायच्या. शेजारच्या सज्जनबाईंना वाटायचं, म्हातारी स्तोत्र म्हणते. चेहऱ्यावर तजेला आला होता त्यांच्या. सुनंदाबाई मात्र शाळेत जाताना छत्री घ्यायला लागल्या, पावसाळा नसताना, ऊन नसतानाही. छत्रीनं काही अडत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी त्या उघडायच्या.

उन्हाळा लागला तेव्हा एका सकाळी त्या दारात सिगडीपुढं बसल्या होत्या. कोळसे रचून झाले, चिंधी रॉकेलात भिजवून झाली. काडी हातात घेतली आणि हात तिथंच थांबला.

"पेटाड ना व माय," आतून बेबाबाई म्हणाल्या. "च्या करनी शे."

सुनंदाबाईंनी काडी ओढली. धूर आधी दाट निघाला, मग पातळ झाला, छपराच्या वर जाता जाता दिसेनासा झाला. कोळसे लाल झाले. आत पातेलं मांडायची वाट बघत सासूबाई काही तरी गुणगुणत होत्या. सुनंदाबाई मान वर करून रिकाम्या आभाळाकडे बघत बसल्या.