उजवीकडचं हमिंग

“उजवीकडे हमिंग आहे, अब्बा,” मी हेडफोन काढत म्हटलं.

अब्बांनी सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवलं. “फक्त उजवीकडं?”

“हो. अन् आवाज बी कमी आहे. डावीकडे साफ आहे.”

“किती कमी?”

“अर्धा असंल.”

“अर्धा,” ते म्हणाले आणि हसले. अम्मी गेल्यापासून असं तोंडभर हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

दुकानाच्या पायरीशी माणिकबाई हार ओवत बसली होती. तिनं मान वर केली. “काहून हसून राह्यले, जैनुभाऊ? लॉटरी लागली काय?”

“फॉल्ट भेटला, माणिकबाई.”

“येड लागलं बुढ्याले. फॉल्ट भेटला का लोक डोक्याले हात लावतेत, अन् हा हसते.”

तिचं खरं होतं. अकोटात जैनुद्दीन मेकॅनिकच्या अँपला हमिंग, म्हणजे खालून येणारी घूंघूं, नसतं, असं लोक म्हणत. उरूस असो की भजन, माइक चालू केल्यावर कुणी बोलेपर्यंत भोंग्यातून काही ऐकू आलं नाही, तर तो अँप अब्बांचा. मोठमोठे डीजे आले, पुढे कापसाचा भाव पडला तशी लग्नंही लहान झाली आणि काम कमी कमी होत गेलं, पण ही ओळख राहिली होती. अशा माणसाच्या अँपमध्ये मी हमिंग काढलं आणि तो खूश झाला. कारण आदल्या दिवसापासून त्यांना वाटत होतं की उजवा कान पुरताच गेला.

कानाचं ते स्वतःहून कुणाला बोलले नव्हते. पण दर रविवारी अमरावतीहून येणाऱ्या मला दिसत होतं. गिऱ्हाईक आलं की ते स्टूल फिरवून डावा कान पुढे करत. फोन डाव्या हातात गेला होता. माझा भाऊ शाकीब उजवीकडून बोलला की ते “हां, हां” म्हणत आणि वेगळंच काहीतरी आणून देत. शाकीबनं एकदा अकोल्याच्या डॉक्टरचं नाव काढलं. “जन्मभर भोंग्यायच्या तोंडाशी बसलो,” ते म्हणाले, “थोडा थकला असंल तो कान. आराम भेटला का येते ठिकाणावर.” यापुढे विषय गेला नाही. हमिंग ऐकू न येणारा मेकॅनिक म्हणजे वास न येणारा आचारी, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

हे हेडफोन रागिणीचे. ती माझ्याच कॉलेजात शिकलेली, तिवशाची. आता अमरावतीत एका संस्थेत काम करायची. ज्या घरांतल्या शेतकऱ्यानं जीव दिला, तिथल्या बायकांशी बोलून संस्थेची माणसं रेकॉर्डिंग करून आणत आणि रागिणी ते ऐकून शब्दन् शब्द लिहून काढे. बायका फार हळू बोलतात, ती म्हणायची, आणि मुख्य गोष्ट आली की आणखी हळू. तिच्या मामेभावानं बंगलोरहून त्याचे जुने हेडफोन पाठवले. भारी होते, पण लॅपटॉपला लावले की आवाज कुठेतरी लांबून आल्यासारखा यायचा. मी तिला अब्बांकडे आणलं.

अब्बांनी जाळीतून टॉर्च मारून आत पाहिलं. “याच्यात स्पीकरवानी कागदी कोन नाही, बेटा. पन्नी आहे, पातळ पडदा. पापडावानी सपाट. तिच्यावर तारीची नक्षी अन् दोन्हीकडून चुंबक. ही सारीच्या सारी हालते, म्हणून एवढी साफ वाजत असंल. पण खुराक लय लागते हिले. लॅपटॉपच्या घासभर करंटानं काय होते?”

त्यांनी एक साधा अँप करून दिला. आवाज आला. पण त्या नाजूक पन्नीवर अँपची बारीक घूंघूं पण आली. भोंग्यातून ती कधी कळली नसती. रागिणीनंच भीत भीत सांगितलं, “काका, बाई थांबली का खालून काहीतरी वाजते.”

अब्बांनी अकोल्याच्या देवरावकाकांना फोन लावला. दोघं तरुणपणी एकाच उस्तादाकडे शिकलेले. काका म्हणाले, “बॅलन्स लाव, जैनु.” अब्बांनी दोन दिवसांत डब्याला डाव्या-उजव्या आवाजाचं बॅलन्सचं बटण बसवलं आणि पुन्हा फोन केला, “लावला बॅलन्स. हमिंग तसंच आहे.” देवरावकाका इतके हसले की फोनमधून मलाही ऐकू आलं. “अबे, ते बॅलन्स नाही बे. बटण नाही लावाचं. अँप लावाचा. एका कानाले दोन अँप.”

मग त्यांनी समजावलं आणि अब्बांनी मला. साध्या अँपात प्रत्येक कानाची एकच वायर काम करते. दुसरी, काळी, डब्याच्या पत्र्याला बांधलेली असते. तिला हे लोक ‘बॉडी करणं’ म्हणतात. “म्हणजे दोघांची करवत एकानं ओढाची अन् दुसरं टोक खुंटीले बांधाचं,” अब्बा म्हणाले. “बॅलन्समध्ये काळ्या वायरीले बी आपला अँप. एक ढकलते, तवाच दुसरा ओढते. पन्नीले ताकद दुप्पट भेटते. अन् बाहेरची घूंघूं दोन्ही वायरीत एकसारखी घुसली, का दोन्हीकडून सारखाच धक्का. करवत हालतच नाही.”

रागिणीच्या परवानगीनं त्यांनी हेडफोनची पिन कापली, चारही वायरी वेगळ्या केल्या आणि नवा अँप उभा केला. शनिवारी संध्याकाळी त्यांनी तो कानाला लावला. डावीकडे अगदी साफ. उजवीकडे आवाज खालचा, दबलेला. उजवीकडचं हमिंग तर त्यांना ऐकूच आलं नव्हतं. त्यांनी हेडफोन काढून ठेवला, दुकान बंद केलं आणि मला फोनवर एवढंच म्हणाले, “उद्या आलीस का जरा आयकून पाह्यजो, जेबा.”

आणि आता मी सांगत होते की दोष उजव्या बाजूच्या अँपमध्येच आहे.

अब्बांनी डबा आडवा केला. चष्मा कपाळावर, डोळे वायरींपासून वीतभर अंतरावर. शोधायला वेळ लागला नाही. उजव्या कानाची काळी वायर त्यांनी सरळ पत्र्याला जोडली होती. तिच्यासाठी केलेल्या अँपची वायर तशीच लोंबत होती.

“पाह्य,” ते म्हणाले. “मायनसची काळी वायर दिसली का लाव बॉडीले. हात आयकत नाही, बेटा. डावी बाजू डोक्यानं जोडली, देवरावचं आठवू आठवू. उजव्या बाजूच्या वक्ताले नमाजाची घाई होती, तर हातायनच जोडून टाकली.” 

“म्हणजे उजवी बाजू साधीच राह्यली.”

“साधीच. खुंटीले बांधलेली. म्हणून ताकद अर्धी अन् हमिंग बी.” ते पुन्हा हसले. “अन् मी कानाले शिव्या देऊन राह्यलो रातभर.”

त्यांनी वायर सोडवली, नवी जागा तापवली, शिसं लावलं. काम चालू असताना ते अम्मीच्या आवडीचं काहीतरी गुणगुणत होते. माणिकबाई माझ्याकडे बघून म्हणाली, “आज चहा सांगते का काय हा बुढा?” आणि अब्बांनी खरोखरच चहा सांगितला.

मी पुन्हा ऐकलं. रागिणीनं नमुन्यासाठी एका रेकॉर्डिंगचा तुकडा दिला होता. एक बाई बोलत होती. दोन्ही बाजू सारख्या होत्या. बाई थांबली तेव्हा खाली काहीही वाजत नव्हतं. तिच्या घरात कुणीतरी भांडं ठेवलं, ते ऐकू आलं. बाईनं श्वास घेतला, तोही.

“बरोबर झालं, अब्बा. दोन्हीकडे सारखं.”

“दे.”

त्यांनी हेडफोन कानांवर चढवला. डोळे मिटले. बघायचं नसूनही मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले, हेडफोन काढला, उलटा फिरवला आणि पुन्हा घातला. आता डावी बाजू उजव्या कानावर होती. कुठलाही मेकॅनिक हेच करतो. बाजू बदलायची आणि दोष कोणाबरोबर जातो ते बघायचं.

दोष हेडफोनबरोबर गेला नाही.

त्यांनी तो आणखी एकदा सरळ केला. आवाज संपेपर्यंत ऐकलं. मग काढून, वायर नीट गुंडाळून टेबलावर ठेवला.

“दोन फॉल्ट होते,” ते म्हणाले. “एक निंघाला.”

चहा आला. त्यांनी माणिकबाईला पहिला कप दिला. ती काहीतरी टोमणा मारणार होती, पण त्यांच्याकडे बघून बशीत चहा ओतू लागली.

पुढच्या रविवारी रागिणी माझ्याबरोबरच आली. अब्बांनी अँप तिच्यापुढे सरकवला. “पोरी, आधीच सांगतो. माया उजवा कान गेलेला आहे. हा अँप जेबानं आयकून पास केला, मी नाही. तू बी इथंच आयकून घे. पटलं तर ने.”

“काका, असं काय बोलता?”

“जे आहे ते बोललो. बस.”

रागिणीनं लॅपटॉप काढला. तेच रेकॉर्डिंग लावलं. ऐकता ऐकता तिनं एक जागा मागे घेतली, पुन्हा ऐकली, पुन्हा मागे घेतली. मग लिहिलं.

“इथं रिकामी जागा सोडली होती मी,” ती म्हणाली. “कळतच नव्हतं. ती बाई म्हणते, ‘चुलीवरून तवा उतरवला नाही म्या. गरम खाईन म्हणला होता.’”

अब्बांनी डावा कान पुढे केला होता. त्यांनी ते वाक्य रागिणीच्या तोंडून ऐकलं. मग ते सोल्डरिंग आयर्नचं टोक फडक्यानं पुसत राहिले.

त्यानंतर दुकानात नवा रिवाज झाला. गिऱ्हाइकानं स्वतः ऐकल्याशिवाय माल न्यायचा नाही. काहीजण हसले, काही अकोल्याला जाऊ लागले. जे येत, त्यांना अब्बा स्टुलावर बसवून विचारत, “उजवीकडं कसं आहे? खाली काही वाजते?” आणि ते सांगतील तसं काम करत. गेल्या थंडीत ते गेले, तोपर्यंत हे चाललं.

ते जायच्या आदल्या वर्षी शाकीबला मुलगी झाली. अकोल्याच्या दवाखान्यात सहा खाटांची खोली होती. त्याची बायको अफसाना थकून पडली होती. शेजारच्या खाटेवर बार्शीटाकळीची एक बाळंतीण नुकतीच झोपली होती. बाळाच्या उजव्या कानात अजान, म्हणजे नमाजाची हाक, द्यायचा मान आजोबांचा. शाकीबनं बाळ त्यांच्या हातात दिलं. अब्बा तसेच उभे राहिले.

“काय झालं, अब्बा?” मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन विचारलं.

“माया आवाज मले पुरा कळत नाही आता. मशिदीत बी लोक वळून पाह्यतेत. हे एवढंसं कान.” त्यांनी बाळाकडे पाहिलं. “तू समोर उभी राह्य. आवाज मोठा झाला का हात वर करजो.”

मी समोर उभी राहिले. अब्बांनी बाळाला आडवं धरलं, किबल्याकडे, मक्केच्या दिशेला, तोंड केलं आणि वाकले. त्यांची दाढी बाळाच्या गालाला लागली. त्यांचे ओठ हलू लागले. मी दोन हातांच्या अंतरावर होते आणि मला एकही शब्द ऐकू येत नव्हता. शेजारची बाळंतीण झोपेतच राहिली. अब्बा प्रत्येक ओळीनंतर थांबून माझ्या हाताकडे बघत, आणि मग पुढची ओळ म्हणत.

मी हात खालीच ठेवला.