शेवटच्या घराचं दार

"पोरी, रस्ता मागतेस तर आधी खणून माग. नाहीतर माझं दार अडेल."

कडेची आजी मला असं म्हणाली होती. गल्ली उतरत जाऊन जिथे संपते तिथलं शेवटचं घर तिचं, म्हणून ती कडेची आजी. तेव्हा माझी लेक नुकती पाऊल टाकायला लागलेली आणि दारात हा चिखल. पोर घसरेल, तोंडावर पडेल, याच धास्तीत माझा दिवस जायचा. पंचायतीत जाऊन सगळ्यात चढ्या आवाजात काँक्रीट मागणारी मीच. आजीला म्हटलं, "रस्त्यानं दार कसं अडेल आजी? तुम्ही पण ना!" आणि लेकीचं नाक पुसत घरात गेले.

रस्ता झाला. जुन्या रस्त्यावरच ओतला. आता जुना रस्ता म्हणजे काय, तर सगळ्या गल्लीनं टाकलेला मुरूम. आमच्याकडे शेजाऱ्यानं दारात भर टाकली की आपण त्याहून वीतभर जास्त टाकायची. पाणी माझ्या दारात थांबायला नको, मग पुढं कुणाच्याही दारात जाऊ दे. अशी दारं उंच करता करता सगळ्यांचं पाणी एकाच उंबऱ्यावर जाऊन ठेपलं. भर टाकायला आजीकडे ना गाडी होती, ना माणूस.

त्यात गल्लीच्या वरच्या तोंडाला दूधवाल्याचा गोठा. तो रोज सकाळी गोठा धुतो. आधी ते पाणी वाटेतल्या मातीत मुरायचं. काँक्रीटवरून ते शेणासकट पळत सुटलं, ते थेट आजीच्या दारात. तिची एकच खोली. दार आत उघडलं तर खाटेला आपटतं, म्हणून ते बाहेर उघडणारं. रस्ता वर आल्यावर सुतारानं दार खालून तासून दिलं. तासलेल्या फटीतून शेण आत यायला लागलं.

मला शेजारच्या दारांवर नजर ठेवायची खोड आहे. नवरा म्हणतो, "तुला पंचायतीनं पहाऱ्यावर ठेवायला पाहिजे." एका सकाळी आजीचा खराटा वाजला नाही. उन्हं वर आली तरी दार बंदच. वीज गेली, गल्लीतल्या पिठाच्या गिरणीची घरघर थांबली, तेव्हा कुठं मला आतून पळी आपटल्याचा आवाज आला.

लेकीला सासूबाईंकडे टाकून धावले. दाराखाली शेणमाती वाळून दगड झाली होती. नवरा पहार घेऊन आला, खरवडून खरवडून दार ओढलं. आजी खाटेवर पाय वर घेऊन बसलेली. घसा पार बसलेला.

"कालपासून ओरडतेय," ती म्हणाली. "गिरणीपुढं ऐकतंय कोण? रात्री ती थांबेपर्यंत आवाजच गेला होता."

मी पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर तिनं खाटेवरूनच खराटा मागितला. मला ते 'सांगितलं होतं ना' पेक्षा जास्त लागलं.

आणि त्याच आठवड्यात पंचायतीचा मेंबर सांगत आला, की काँक्रीटला तडे गेलेत, वरून आणखी एक थर मंजूर झालाय.

गिरणीच्या ओट्यावर सगळे जमले. मी लेकीला कडेवर घेऊनच गेले.

"थर नको. आधी खणा," मी म्हटलं. "नाहीतर आजी आत गाडली जाईल."

मेंबर हसला. "मॅडम, रस्ता मागायला तुम्हीच आला होता. आता नको म्हणायलाही तुम्हीच?"

"रस्ता नको नाही म्हणत. उंची नको म्हणते."

"मंजुरी थर टाकायची आहे, खणायची नाही. म्हातारीला म्हणावं, दार आत उघडायचं करून घे."

"म्हणजे शेण थेट खाटेखाली? तुमच्या आईच्या खोलीत असं चालेल?"

"आईवर जायचं नाही हां!"

"मग आम्ही खणतो. तुम्ही ट्रॉली पाठवा, माती उचला आणि मग काय ते ओता."

आता गिरणीवाले काका उठले. त्यांचा ओटा भर रस्त्यात आलेला. "कोण खणतो म्हणतोय? माझ्या ओट्याचा पाया उघडा पडेल. पोती उतरवायची कुठं, तुझ्या डोक्यावर?"

"ओटा रस्त्यावर आहे काका तुमचा."

"आणि तुमचा काय आभाळात आहे? अगं, या गल्लीत पहिली भर टाकली तुझ्या सासऱ्यानं! शिकलेली ना तू? जा, घरी विचार."

सगळी गल्ली खो खो हसली. दूधवाला तर पोट धरून. लेक दचकून रडायला लागली. मी घरी आले. सासूबाई भांडी विसळत होत्या.

"खरं आहे?" मी विचारलं.

"खरं आहे. ओटा पण तेव्हाचाच. मग काय पाडणारेस?"

दुसऱ्या दिवशी पाडायला घेतला. नवऱ्यानं पहार मारली, मी घमेलं भरायला लागले. सासूबाई दारात उभ्या राहून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा बोलत होत्या, "बघा, बघा! हिच्या बापानं बांधला होता ना! पोर खेळणार कुठं आता? हिच्या पुस्तकात?" ओटा गेला, तशी आम्ही त्यापुढचा रस्ता धरला. काँक्रीट तडकलेलंच होतं, निघत गेलं. पलीकडच्या घरातला शिंपी बाहेर आला, म्हणाला, "आमच्यापेक्षा खाली जाताय? मग पाणी काय आमच्याकडं उलटं येणार?" आणि वाद घालता घालता स्वतःचं दार खणायला लागला. कुणालाच आजीचा पुळका आला नव्हता. दुसऱ्याचं दार आपल्याहून सोयीचं झालेलं कुणाला बघवत नव्हतं, एवढंच. शिव्या पुढं जात होत्या आणि त्यांच्या मागून घमेली, थेट आजीच्या दारापर्यंत. सासूबाईंनीही शेवटी पदर खोचला. "तुला भरता येत नाही," म्हणत माझ्या हातातलं घमेलं हिसकावलं.

गिरणीवाले काका तेवढे ओट्यावर ठाण मांडून बसले आणि त्यांनीच कचेरीत तक्रार केली, लोक सरकारी रस्ता फोडतायत म्हणून.

मेंबर कचेरीतल्या साहेबांना घेऊन तणतणत आला. "आता थर टाकू कशावर? तुमच्या डोक्यावर?"

"खाली जागा केलीय की," शिंपी म्हणाला.

साहेबांनी खड्डा पाहिला, आजीचं दार पाहिलं, कपाळाला हात लावला. फोडलेला रस्ता तसाच ठेवला तर ठपका त्यांच्यावर येणार होता. शिव्या घालतच ट्रॉली मागवली, माती उचलून खालीच नवा थर ओतायला लावला. पाणी आजीचं दार चुकवून पुढं जाईल असा उतार कसा धरायचा ते त्यांनी दोरी ताणून दाखवलं आणि तो मात्र नीट दाखवला, हे मान्य करायला हवं.

गिरणीसमोरचा उंचवटा राहिलाच. सकाळी दूधवाल्यानं गोठा धुतला. पाणी आलं, उंचवट्याला अडलं आणि काकांच्या ओट्याला वेढा घालून बसलं. दळणाला आलेल्या बाया नाकाला पदर लावून परत फिरल्या.

"काका, पहार देऊ?" मी दारातून विचारलं.

"तुझी पहार ठेव तुझ्यापाशी," ते ओरडले. संध्याकाळी स्वतःची घेऊन फोडत बसले. अजून माझ्याशी बोलत नाहीत. दूधवाल्याच्या पाण्याला कडेनं गटार काढून द्यायचं पंचायतीनं कबूल केलंय, खणायचं आम्ही. त्यावरही भांडण चालू आहेच.

आजीचं दार मात्र आता भिंतीला टेकेपर्यंत उघडतं. पहिल्या दिवशी तिनं ते उगाचच उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मला म्हणाली, "ओटा बरा होता गं तुमचा. बसायला यायचे मी."

रोज सकाळी तिचा खराटा ऐकल्याशिवाय मी चहा ठेवत नाही. पण मी एका गल्लीत राहते, माझे कान तेवढ्याच गल्लीपुरते. तुमच्याकडेही रस्ता नवा झाला असेल, गुळगुळीत, उंच. हे वाचून ठेवलंत की उतारानं चालत शेवटपर्यंत जा. तिथलं दार नुसतं लांबून बघू नका. वाजवा, आतल्या माणसाला उघडायला सांगा आणि ते पूर्ण उघडेपर्यंत तिथून हलू नका.