हाडांचा खुराक

"सकाळी उठल्यापासून काय काय पोटात जाते ते सगळे सांगा, पाणीसुद्धा," डॉक्टर जयंती म्हणाल्या आणि संगणकाच्या पडद्यावरची नजर त्यांनी माझ्याकडे वळविली.

मी क्रमाने सांगू लागलो. सकाळी इडली, चटणीवाचून. दुपारी कारखान्याच्या कँटीनमधला भात, सांबारातली डाळ बाजूला सारून. केळे नाही, शहाळे नाही, दूध नाही, दही नाही. प्रत्येक जेवणाबरोबर फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी चावून खातो, हेही सांगितले. परंतु त्यांचे समाधान झाले नाही. माझ्या रक्तातले फॉस्फरस ज्या गतीने चढत होते, तिचा या आहाराशी मेळ बसत नव्हता. आणखी काही घेता का, असे त्यांनी पुन्हा विचारले.

"आणखी केवळ औषध," मी म्हणालो. "आमच्या घरमालकीणबाई रोज सकाळी नाचणीची आंबील देतात. ताक घालून. हाडांसाठी."

डॉक्टरांनी हातातले पेन टेबलावर ठेवले.

येथे मागील हकीकत निवेदन करणे अवश्य आहे. मी मूळचा तासगावकडचा. नाव उमाकांत. तमिळ मुलखात, गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळण्यात माझे तारुण्य गेले. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर मालकांनी मला आगीपासून उठवून भांडारात बसविले, आणि आठवड्यातले तीन दिवस डायलिसिसच्या यंत्राला वाहिले गेले. पत्नी विद्युलता माझे दुखणे पाहण्यापूर्वीच निवर्तली. मूलबाळ नाही. एग्मोर स्थानकामागच्या एका गल्लीत कृष्णवेणीबाईंच्या घरी माडीवरची खोली मी भाड्याने घेतली आहे. बाईंचे पूर्वज राजेलोकांच्या काळात तंजावरास आले. बाईंनी स्वतः महाराष्ट्र कधी पाहिला नाही. त्यांची मराठी पोथीतल्यासारखी जुनी, आणि अधूनमधून तमिळ शब्दांनी सांधलेली. साऱ्या गल्लीत माझ्या भाषेत बोलणारे तेवढे एकच मनुष्य. मी त्यांना अक्का म्हणतो.

मृत दात्याचे मूत्रपिंड मिळण्याच्या प्रतीक्षेत ज्यांची नावे आहेत, त्यांत माझेही होते. तथापि दीड वर्षापूर्वीच्या स्कॅनमध्ये एक अडचण दिसून आली. नवे मूत्रपिंड जांघेजवळच्या ज्या धमनीला शिवतात, तिच्यात चुन्याचे काही कण आढळले. हे कण आणखी वाढले नाहीत तर शस्त्रक्रिया होईल, वाढले तर टाका धरणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. पुढच्या स्कॅनवर माझे सर्व भवितव्य अवलंबून राहिले.

त्याच दिवशी त्यांनी मला हाडांविषयी सांगितले होते. त्यांचे म्हणणे असे की हाडे हा केवळ शरीराचा सांगाडा नव्हे. रक्तात फॉस्फरस वाढले की हाडे एक संप्रेरक रक्तात सोडतात. ते मूत्रपिंडास कळविते की जास्तीचे फॉस्फरस लघवीवाटे बाहेर टाक. माझी मूत्रपिंडे ऐकण्याच्या पलीकडे गेलेली. उत्तर येत नाही, म्हणून हाडे ते संप्रेरक अधिकाधिक सोडीत राहतात. त्याच्या अतिरेकाने हृदयाला इजा पोहोचते, आणि बाहेर न पडलेले फॉस्फरस कॅल्शियमला धरून रक्तवाहिन्यांच्या भिंतीत चुन्यासारखे बसते. माझे शिक्षण आठवीपर्यंतचे, पण हे मला समजले. आपल्या आतून कोणी असे सारखे कळवीत असावे आणि पलीकडून काहीच येत नसावे, या विचाराने मी बसथांब्यावर बराच वेळ आपल्याच मनगटाचे हाड चाचपीत बसून राहिलो. दोन बसगाड्या निघून गेल्या.

घरी आल्यावर अक्कांनी विचारले तेव्हा एवढे सगळे सांगण्याचे त्राण मला नव्हते. हाडांत बिघाड झाला आहे, इतकेच मी सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर पावले वाजली. अक्का हातात पितळी पेला घेऊन वर आल्या होत्या. आमच्या गावी जिला आंबील म्हणतात, ती त्यांच्याकडची रागीची कंजी. नाचणी रात्रभर भिजवून, मोड काढून, वाळवून, दळून, शिजवून, वर ताक आणि चिमूटभर जिरे. त्यांचे दिवंगत यजमान राघोत्तमराव एकदा न्हाणीघरात पडले होते, त्या वेळची गोष्ट त्यांनी मला सांगितली.

"आमच्या यजमानांचें कंबरेचें हाड याच कंजीवर जुळलें. डॉक्टर बोलला, हा मनुष्य चालणार नाहीं. ते कोविलापर्यंत चालले." कोविल म्हणजे देऊळ. मग पेल्याकडे बोट करून त्या म्हणाल्या, "हें जेवण नव्हे राव, औषध आहे. याच्यासंगें ती गोळी चावूं नकां. औषधावर औषध कोण घेतो?"

मलाही ते पटले. आमच्या घरी आई हळदीचा काढा देई, तेव्हा वैद्याची पुडी त्या वेळेपुरती बाजूला ठेवी. औषध म्हणून हाती आलेली वस्तू अन्नात धरावयाची नाही, ही आम्हा दोघांची बालपणापासूनची समजूत. त्यामुळे आहाराविषयी कोणी विचारले तर मी अन्न सांगे, आणि आंबील माझ्या ओठांवर कधी आलीच नाही.

त्या दिवसापासून अक्का रोज वर येऊ लागल्या. पेला माझ्या हाती देऊन त्या वरच्या पायरीवर बसत आणि तो रिकामा होईतो उठत नसत. मी सावकाश पीत असे. अक्का गल्लीतल्या बातम्या सांगत, सुनेच्या मुलांना मराठी येत नसल्याची खंत करीत, तासगाव साताऱ्याहून किती कोस असे विचारीत. महाराष्ट्रातला प्रत्येक मनुष्य त्यांच्या लेखी साताऱ्याचाच. मी घोट लांबवू लागलो की म्हणत, "सातारकर सगळे असेच. बोलणें मोठें, घोट लहान." तासगाव सांगली जिल्ह्यात आहे, हे मी त्यांना पुष्कळदा सांगितले, आणि त्यांनी ते पुष्कळदा विसरावे अशी माझी मनोमन इच्छा असे. पेला खाली गेल्यानंतर दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत मराठीत बोलण्याचा प्रसंग मला क्वचितच येई.

आंबिलीचे ऐकून डॉक्टर जयंती रागावल्या नाहीत. त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे फिरविला. त्याच सकाळी केलेल्या स्कॅनचे चित्र त्यावर होते. कंबरेची हाडे पांढरी दिसत होती, आणि त्यांच्या शेजारून खाली उतरणाऱ्या दोन्ही धमन्या तितक्याच पांढऱ्या. हाड कोठे संपले आणि रक्तवाहिनी कोठे सुरू झाली, हे मला ओळखता येईना. शल्यचिकित्सकांनी चित्र आधीच पाहिले होते. टाका धरणार नाही, असा त्यांचा अभिप्राय पडला. प्रतीक्षायादीतून माझे नाव काढावे लागेल, हे सांगताना डॉक्टरांचा आवाज खाली आला.

मी बॉयलरवर काम केलेला मनुष्य. पाण्यातला चुना नळ्यांच्या आत धरतो, तेव्हा आम्ही आम्ल फिरवितो आणि तो सुटून येतो. असे काही शरीरात करता येईल का, हा प्रश्न मी विचारला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला.

"नळीवर थर बसला असता तर काढला असता," त्या म्हणाल्या. "इथे नळीची भिंतच हाडाचे काम करायला लागली आहे. तिच्यातल्या पेशी बदलल्या आहेत."

आंबिलीमुळे हे सर्व घडले का, असे मी विचारले. त्यांनी नकारार्थी मान हलविली. इतकी वर्षे डायलिसिसवर असलेल्या पुष्कळांच्या धमन्या अशा होतात, एकट्या नाचणीला दोष देता येणार नाही, असे त्या म्हणाल्या. मग नाचणीचा वाटा किती, हे मी विचारले. ते कोणालाच सांगता येणार नाही, परंतु नाचणीत आणि ताकात दोन्हींत फॉस्फरस आहे, उद्यापासून आंबील बंद, असे त्यांनी बजावले.

एग्मोरला उतरून मी गल्लीत शिरलो, तेव्हा खरे तेच सांगावयाचे असा माझा निश्चय होता. शब्दही जुळवून ठेवले होते. तुमचा काही अपराध नाही, अशी सुरुवात मी करणार होतो.

अक्का ओसरीवर पाय पसरून बसल्या होत्या. समोर सुपात नाचणी होती आणि त्या खडे वेचीत होत्या. मला पाहताच त्यांनी सूप बाजूला ठेवले.

"काय बोलल्या डॉक्टर? हाड कसें आहे कीं?"

तुमचा काही अपराध नाही, हे वाक्य जिभेपर्यंत आले. त्याच वेळी माझ्या ध्यानात आले की हे वाक्य ऐकल्यावाचून आपला काही अपराध असेल, असा विचारही या बाईंच्या मनात कधी येणार नाही.

"हाड उत्तम आहे, अक्का," मी म्हणालो. "पडद्यावर अगदी पांढरेशुभ्र दिसले. आता औषध पुरे, असे डॉक्टर म्हणाल्या."

 अक्कांनी शेजारच्या दाराकडे पाहून श्रीदेवी या शेजारणीला हाक मारली आणि तमिळमध्ये तिला सगळी हकीकत सांगितली. यजमानांची कथाही नव्याने सांगितली. श्रीदेवीने मला विचारले, खरोखरच का? मी होय म्हणालो.

"सेरी," अक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या. ठीक, असा त्याचा अर्थ. "बरें झालें राव. माझे गुडघे आतां जिना चढूं देत नव्हते. तुम्हांस सांगितलें नाहीं. औषध मध्येंच सोडूं नये म्हणून चढत होतें."

मी मान डोलावली. सुपातल्या नाचणीचे आता काय करणार, असे मी विचारले. पाखरांना घालीन, नाहीतर सुनेच्या मुलांना, असे त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीने दार उघडून पायरीवर बसलो. खाली मिक्सर फिरत होता, सून मुलांवर तमिळमध्ये ओरडत होती. जिन्यावर कोणी आले नाही. उन्हाचा पट्टा वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरला, तेव्हा मी आत जाऊन इडली खाल्ली आणि तिच्याबरोबर गोळी चावली.

संध्याकाळी खालून अक्कांची हाक आली. देवळात जावयाचे होते आणि सून घरी नव्हती. इतके दिवस गल्लीत समोरासमोर भेट झाली की मी पडून हाड मोडेल या भीतीने त्या माझा दंड धरीत. आज ओसरीच्या पायऱ्यांशी येताच त्यांनी पदर सावरला, माझ्या उजव्या हातावर आपला हात ठेवला आणि शरीराचा सगळा भार निःशंकपणे त्यावर टाकला.

"हळू," मी म्हणालो, आणि पहिली पायरी उतरलो.