बिनआवाजाची खिडकी

टायपिंगच्या बाईंचं उभं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलेलं, त्यामुळे खिडकीवाल्याची पहिल्या दिवसापासूनच धडगत नव्हती. ॲल्युमिनियमच्या चौकटींचे वीतभर तुकडे त्याने टेबलावर मांडले आणि बाईंनी चष्मा पुसून एकेकाची हजेरी घेतली. पांढरा? दोन दिवसांत मळेल. चॉकलेटी? खोली आधीच अंधारी. लाकडासारख्या रंगाचा तुकडा तर त्यांनी बोटानेच दूर सारला.

"लाकूड नको म्हणून तर तुम्हाला बोलावलं. मग हे सोंग कशाला?"

जुनी लाकडी खिडकी खरोखर कामातून गेली होती. झडप फुगलेली, दोन्ही हातांनी ढकलल्याशिवाय हलायची नाही, आणि हलली की अशी किंचाळायची की खालच्या शिंप्याचं मशीन थांबायचं. मग खालून हाक यायची, "बाई, उठलात का?"

"उठले हो, मेले नाही अजून!"

यजमान गेले त्या वर्षापासून, बारा वर्षं, रोज सकाळी हेच. मुलगा परगावी, त्याचा फोन रविवारचा. बाकीच्या दिवशी बाईंचं माणसाशी बोलणं व्हायचं ते एवढंच, पण तेवढ्यावर दिवस निघायचा.

"सरकती घ्या," खिडकीवाला म्हणाला. "दुहेरी काच, कडेला रबर. आवाज म्हणून येणार नाही. खाली मशीन चालतं हेसुद्धा विसराल."

बाईंना चांगली वस्तू कळायची. त्यांनी करडा रंग, सरकती, दुहेरी काच असं ठरवून टाकलं. खिडकीवाल्याने रुंदी तीन ठिकाणी मोजली आणि सगळ्यांत कमी भरली ती लिहून घेतली. भिंती कधी सरळ नसतात, म्हणाला. चौकट बसलीही झकास.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी एका बोटाने खिडकी सरकवली. लोण्यासारखी गेली. बाई वाकून उभ्या राहिल्या. खालून काहीच नाही. बरोबरच आहे, खिडकी वाजलीच नाही तर त्या बिचाऱ्याला कळणार कसं? त्या खोकल्या. आणखी जोरात खोकल्या. तिसऱ्या दिवशी चमच्याने चौकट बडवली, तर समोरच्या तारेवरचा कावळा तेवढा उडाला. आपणहून हाक मारायची? छे! बारा वर्षं तो विचारत आला, आता आपण काय म्हणून ओरडायचं? पण सकाळचं ते एक वाक्य तोंडातच राहिलं की दिवस काही निघायचा नाही.

चौथ्या दिवशी त्यांनी चांगल्या परकराची शिवण स्वतःच उसवली आणि तो घेऊन खाली गेल्या.

दाराजवळची मशीनची जागा रिकामी होती. शिंपी मागच्या खोलीत, दिव्याखाली बसला होता.

"या बाई. आता त्रास नाही ना होत?"

"कसला त्रास?"

"मशीनचा हो. खिडकीवाला म्हणाला, बाईंनी मुद्दाम आवाज बंद करणारी घेतलीय. बारा वर्षं माझी खडखड सोसलीत, वर मी सकाळी सकाळी हाका मारायचो. मलाच कळायला हवं होतं. मशीनच आत घेतलं. आता बरं आहे ना?"

"बरं आहे," बाई म्हणाल्या आणि परकर घेऊन तशाच वर आल्या. खिडकी लावून खूप रडल्या. काच खरोखरच पक्की होती, तेही कुणाला ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खिडकी सरकवली आणि कमरेपर्यंत बाहेर वाकल्या.

"शिंपीदादा!"

मागच्या खोलीत मशीन चालूच होतं.

"अहो शिंपीदादा!"

समोरच्या घरातून दोन माणसं गॅलरीत आली. सायकलवाला थांबला. बाईंनी तिसरी हाक अशी मारली की शिंपी गळ्यात टेप तसाच घेऊन, अनवाणी रस्त्यावर धावत आला.

"बाई! काय झालं? काय झालं?"

"काय व्हायचंय?" बाईंचा आवाज फाटला. "उठले! मेले नाही अजून! तुम्ही विचारलंच नाहीत चार दिवस!"