शेवंतीसाठी दोन मिनिटं

“काय बी झालं तरी वरडायचं न्हाई, ताई. आन् शिट्टी तर अजिबात न्हाई,” मुक्ताबाईंनी सुनीतीला ओळख झाली त्याच दिवशी बजावलं होतं. सुनीतीने मान डोलावली आणि विषय सोडून दिला. कडेवर दीड वर्षाचं पोर असलेल्या बाईला ओरडू नका म्हणणं म्हणजे पोस्टमनला चालू नका म्हणण्यासारखं होतं.

सुनीतीने संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. त्याचा संसारात उपयोग एवढाच झाला, की चिंगी गॅलरीतून पडण्याची शक्यता किती कमी आहे हे तिला नीट कळायचं, आणि ती शून्य नाही हेही कळायचं. त्यामुळे गॅलरीला जाळी होती, जाळीला आतून दोरी होती आणि दोरीजवळ सुनीती स्वतः होती.

कोथरूडच्या पार टोकाला, डोंगराला टेकून त्यांची सोसायटी होती. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे पत्र्याचा एक तबेला. त्यात मुक्ताबाई, त्यांचा मुलगा मच्छिंद्र आणि शेवंती. शेवंती म्हणजे वरातीची पांढरी घोडी. आसपासचे निम्मे नवरे तिच्या पाठीवरून संसारात गेले होते आणि पुढे जे झालं त्याचा दोष कुणी तिला दिला नव्हता. चिंगी तिच्याकडे बघत असेल तरच जेवायची. एक घास काऊचा, एक घास चिऊचा हे तिने सपशेल नाकारलं होतं. सगळे घास शेवंतीचे. मच्छिंद्र खरारा करत असेल तर वरणभात संपायचा, नुसतीच उभी असेल तर अर्धा.

मग कुणीतरी शेवंतीचं शेपूट कापून नेलं. शनीच्या उपायाला काळा घोडा लागतो, तेव्हा चोर धार्मिक नव्हता एवढंच निष्पन्न झालं. पुढच्या आठवड्यात पाण्याची टाकी फोडली आणि घोडीच्या पोटावर निळा ऑइलपेंट ओतला. त्यानंतर पत्र्यावरून पेटती चिंधी आत आली. ती शेणात पडली आणि विझली. त्या दिवशी मुक्ताबाई पदर खोचून सोसायटीच्या मीटिंगला येऊन उभ्या राहिल्या.

“तुमच्या ग्यालऱ्या समद्या आमच्याकडं तोंड करून हायत,” त्या म्हणाल्या. “जरा लक्ष ठिवा. एवढं एकच जनावर हाय. ती गेली तर आमी दोघं काय एकमेकाच्या पाठीवर बसायचं का?”

सेक्रेटरी होते हिंदुराव सर. रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. पांढरे केस, इस्त्रीचा बुशशर्ट, आवाज कधी चढायचा नाही. सगळ्या सोसायटीला ते सर, लिफ्टच्या मेकॅनिकलासुद्धा.

“तबेला इथे असणं धोक्याचं आहे, हे मी महापालिकेला वेळोवेळी कळवलंय,” सर म्हणाले. “कोरडा कडबा, डोंगराचा वारा. ते ऐकत नाहीत. आपल्याकडे प्रात्यक्षिक दाखवल्याशिवाय कुणाला काही पटत नाही. असो. तोवर गस्त घालू.”

गस्तीचं सगळं सरांनी आखलं. प्रत्येक घराला एक शिट्टी. संशयित दिसला की वाजवायची, आग दिसली तर सगळ्यांनी मिळून वाजवायची.

“शिट्टी नगं, सर,” मुक्ताबाई म्हणाल्या.

“मग काय, टाळ्या वाजवायच्या?”

“त्या बी नगं. तिला वरात वाटती. गलका हाय तवर जागेवर नाचायचं, गलका थांबला का मांडव आला समजून फुडं चालायचं, आसं शिक्षान हाय तिचं. फटाके फुटूंद्या, जाळ हूंद्या, ती हलत न्हाई. त्याच्यासाठीच लोक पैसं देत्यात.”

“छान,” सर म्हणाले. “आमच्या सभासदांना गलकाच जमतो, पुढे चालणं जमत नाही.”

सगळे हसले. सुनीतीही हसली. शिट्ट्या वाटल्या गेल्या.

संध्याकाळची गस्त सुनीतीने मागून घेतली. नाहीतरी चिंगीच्या जेवणाला तिथेच बसायचं असायचं. ती गॅलरीतून रस्त्याकडे डोळ्यांत तेल घालून बघायची. कुरिअरवाला आला, गेला. भंगारवाला नेहमीपेक्षा हळू गेला. मोटरसायकलवरची दोन पोरं थांबली, पाणी प्यायली आणि बाटली फेकून गेली. सुनीतीने ती पोरं चेहऱ्यानिशी लक्षात ठेवली. तळमजल्यावरच्या अख्तरबानू खालून हाक मारायच्या, “काय सुनीती, पकडलंस का कुणाला?” ती म्हणायची, “अजून नाही, पण बघते.”

एके दिवशी तिन्हीसांजेची वेळ होती. चिंगीचा तिसरा घास चालू होता. हिंदुराव सर मागच्या छोट्या दारातून भिंतीपलीकडे जाताना दिसले. एका हातात पाण्याची बादली. सर झाडांना पाणी घालायचे, तेव्हा त्यात नवल नव्हतं. भिंतीपलीकडे सरांची झाडं नव्हती, हे सुनीतीला नंतर सुचलं.

“बाय कर आजोबांना,” ती चिंगीला म्हणाली. चिंगीने केलं. सरांनी मोकळा हात वर करून हलवला आणि मग तोच हात खिशात घातला. सुनीती पुन्हा रस्त्याकडे बघू लागली.

वास आधी आला, मग धूर. कडब्याची गंजी भिंतीच्या बाजूने पेटली होती आणि डोंगरावरचा वारा जाळ सरळ पत्र्याखाली ढकलत होता. सुनीतीने गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि जीव खाऊन फुंकली. शेजारच्या गॅलरीतून दुसरी वाजली, वरून तिसरी. बघता बघता सगळी सोसायटी शिट्ट्या वाजवत खाली धावली. गस्तीची योजना पहिल्यांदाच तंतोतंत पार पडत होती.

सुनीती चिंगीला घेऊन भिंतीपलीकडे पोचली तेव्हा तबेल्याचं दार सताड उघडं होतं. आत मच्छिंद्र मोरखी धरून मागे रेलून ओढत होता. मागच्या पायांची दोरी, पिछाडी, त्याने केव्हाच कापली होती. शेवंतीला कशाचंही बंधन नव्हतं आणि ती नाचत होती. पुढचे पाय आळीपाळीने उचलत, मान डौलात वाकवून, शिट्ट्यांच्या तालावर. डोक्यावरच्या पत्र्याखालून जाळाच्या जिभा आत येत होत्या. घोडी आयुष्यभर पेट्रोमॅक्सच्या आणि भुईनळ्यांच्या मध्ये उभी राहिलेली. तिच्या हिशेबाने हे जरा श्रीमंत लोकांचं लग्न होतं.

“चल गं माझे बाय! चल!” मुक्ताबाई दारात उभ्या राहून ओरडत होत्या. गलक्यात सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच होता. स्वतःच दिलेलं शिक्षण त्या पार विसरल्या होत्या. माणसं नळी आणत होती, नळीला तोटी सापडत नव्हती, आणि तोटी कुणाकडे आहे हे विचारायला लोक शिट्ट्या वाजवत होते.

इथेच घोडं पेंड खात होतं, आणि ते सुनीतीला आत्ता दिसलं. काय बी झालं तरी वरडायचं न्हाई.

“गप्प बसा!” ती ओरडली. “सगळे गप्प बसा!”

“आधी तुम्ही गप्प बसा!” कुणीतरी ओरडलं.

पत्रा वाकायला लागला होता. मच्छिंद्र खोकत होता, पण मोरखी सोडत नव्हता. सुनीतीने चिंगीला अख्तरबानूंच्या हातात दिलं. ती फुटक्या टाकीवर चढली. त्या सोसायटीत म्हातारी माणसं पुष्कळ होती, त्यामुळे शोकसभाही पुष्कळ व्हायच्या, आणि प्रत्येक शोकसभेचं शेवटचं वाक्य सगळ्यांना तोंडपाठ होतं. सुनीतीने खालच्या पट्टीत, पण खणखणीत, तेच म्हटलं.

“मृतात्म्यास चिरशांती लाभो. आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं.”

तोंडांतून शिट्ट्या गळून पडल्या. पाय जुळले, हात पुढे बांधले गेले, माना खाली गेल्या. नळी धरलेल्या माणसाने नळी खाली ठेवली. मुक्ताबाईंनीही तोंडाला पदर लावला. जाळ तेवढा तडतडत होता, पण फटाक्याचं शेवंतीला काही वाटायचं नाही.

ती नाचायची थांबली. कान पुढे झाले. मांडव आला होता. शेवंती मच्छिंद्रला मोरखीसकट घेऊन, घाई न करता, माना खाली घातलेल्या सभासदांच्या मधून चालत बाहेर पडली. तिची पाठ वाफाळत होती. मागे पत्रा खाली आला.

“कोण गेलं गं?” अख्तरबानूंनी मान वर न करता कुजबुजत विचारलं.

“कुणी नाही, अजून,” सुनीती म्हणाली.

शेवंती सोसायटीच्या फाटकाशी जाऊन थांबली आणि ओवाळल्याशिवाय हलेना. शेवटी मुक्ताबाईंनी तिच्यावरून पाण्याचा तांब्या ओवाळला, तेव्हा कुठे तिने पाऊल उचललं.

पोलीस आले, पंचनामा झाला. सगळ्यांत आधी बादली घेऊन पोचलेले दक्ष नागरिक म्हणून हिंदुराव सरांचं कौतुक झालं. सुनीतीने त्यांना दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठलं.

“सर, बादली आधी आली की आग?”

सर थांबले. विद्यार्थिनीने बरा प्रश्न विचारला की थांबायचे तसे.

“वारा धरला नव्हता मी हिशेबात,” ते म्हणाले. “एक पेंढी जळायला हवी होती. फोटो काढायचा, महापालिकेला पाठवायचा, बादली ओतायची. संपलं.”

“घोडी आत होती!”

“म्हणूनच तर बादली.”

“आणि ती चिंधी? तो रंग?”

“छे. ती गुंडगिरी झाली.” सर खरोखर दुखावले. “आणि तुम्ही पाहत होतात की मला. काही गैर वाटलं असतं तर तुम्ही अडवलं असतंत. तुम्ही तर बाय केलंत.”

सुनीती चौकीवर गेली. हवालदाराने सगळं ऐकून घेतलं.

“तुम्ही काय पाहिलं, मॅडम?”

“बादली.”

“मग विझवायलाच गेले असतील.”

“आग लागायच्या आधी?”

“दूरदृष्टी,” हवालदार म्हणाला आणि चहा मागवला.

महिना व्हायच्या आत महापालिकेची माणसं आली आणि जागा धोकादायक ठरवून गेली. प्रात्यक्षिक पटलं होतं. मुक्ताबाईंनी जळके पत्रे उचलले आणि खडकवासल्याच्या रस्त्याला, धरणाच्या अलीकडे, ओळखीच्याच्या रानात नवा तबेला उभा केला. निघताना सुनीती त्यांना म्हणाली, “मावशी, तिथे लक्ष ठेवायला कुणी शेजारी नाहीत हो.”

“ते एक बरं हाय,” मुक्ताबाई म्हणाल्या. त्यात टोमणा होता की नाही, हे सुनीतीला अजून ठरवता आलेलं नाही.

आता आजचं. सकाळी हिंदुराव सर गाडीच्या डिकीत काहीतरी ठेवत होते. सुनीतीने गॅलरीच्या जाळीतून पाहिलं. बादली होती. “कुठे निघालात, सर?” तिने विचारलं. “आज कुठे नाही, येत्या रविवारी खडकवासल्याला जाईन म्हणतो,” सर म्हणाले. “तिथेही कडबा उघड्यावरच आहे, असं ऐकलं. एकदा पाहणी करायला हवी.”

तिने मच्छिंद्रला दिवसभर फोन लावला. त्या रानात रेंज नाही. चिंगीला ताप आहे, नवरा दौऱ्यावर आहे, आणि पोलिसांना सांगायला तिच्याकडे पुन्हा एक बादलीच आहे. स्वारगेटहून बस जाते हे तिला माहीत आहे, पण पोराला टाकून ती कशी निघणार?

म्हणून तिची तुम्हाला विनंती आहे. रविवारी धरणावर कणसं खायला तुम्ही जाताच. जाताना डाव्या हाताला, अर्धे काळे पडलेले पत्रे असलेला तबेला दिसेल. तिथे जरा थांबा. शेवंती आहे ना, उभी आहे ना, एवढं बघा. मुक्ताबाईंना सांगा, सुनीतीने पाठवलंय, आणि कडबा घरात घ्या म्हणावं. पांढऱ्या केसांचे, इस्त्रीच्या बुशशर्टातले एक सभ्य गृहस्थ बादली घेऊन आसपास दिसले, तर त्यांना बाय करू नका, बादली काढून घ्या. आणि काहीही दिसलं तरी हॉर्न वाजवू नका. ती नाचायला लागेल.